ओझ्याच्या कड्या

दिवाळी उलटून कपाशीची वेचणी भरांत आली म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यांतील रस्त्यांवर माणसांपेक्षां ओझींच अधिक दिसूं लागतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. कल्याण-निर्मल महामार्गानें पाथरीहून मानवतकडे निघावें, तों पुढें एक पांढरा डोंगर हळूहळू डुलत चाललेला दिसतो. जवळ गेल्यावर कळतें कीं, तो डोंगर नसून कापसानें भरलेली ट्रॉली आहे. सेलू-मानवतच्या बाजारांकडे कापूस, गंगाखेडच्या बाजूस ऊंस, माघ-फाल्गुनांत ज्वारीचा कडबा, आणि हल्लीं पावसाळ्याच्या अखेरीस सोयाबीनचीं पोतीं. वर्षांतील बहुतेक महिने ट्रॉलीवर कोणता ना कोणता माल चढलेलाच असतो. शिवाय त्या मालाच्या माथ्यावर पुष्कळदां दोनचार मजूर व एखादें पोरही बसलेलें असतें. हें सर्व ओझें कशाच्या आधारानें जागेवर राहतें, असा प्रश्न आम्हीं एकदां आठवीच्या वर्गांत विचारला. वर्गानें एकमुखानें उत्तर दिलें, “दोराच्या!” उत्तर अर्धेंच बरोबर होतें. तो दोर कशाला बांधलेला आहे, हा त्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग. आणि प्रस्तुत लेख त्या उरलेल्या अर्ध्याविषयीं आहे.

खरें सांगावयाचें तर आमचेंही लक्ष तिकडे आपण होऊन गेलें नव्हतें. शाळेसाठीं नवीं बांकें तयार झालीं होतीं व तीं परभणीहून आणण्याकरितां एका पालकांनीं आपली ट्रॉली मोठ्या आपुलकीनें देऊं केली. चाळीस बांकें, प्रत्येकाचें वजन सुमारें २५ किलो, म्हणजे एकूण दहा क्विंटल ओझें. दोर नवा कोरा होता. गांठी आम्हीं स्वतः ओढून पाहिल्या व समाधान मानलें. वाटेंत एक म्हैस आडवी आली, ट्रॅक्टरवाल्यानें ब्रेक दाबला, आणि मागें फाडकन् आवाज झाला. उतरून पाहतों तों दोर तुटलेला नव्हता. गांठही सुटली नव्हती. ज्या आंकड्यास दोर बांधला होता, तो आंकडाच हौद्याच्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा घेऊन निघून आला होता. बांकांची वरची रास पुढें सरकली, कलली, आणि तीन बांकें बाजूनें रस्त्यावर पडलीं. मागून आमच्याच शाळेचा एक विद्यार्थी सायकलवर येत होता. तो दहा हात मागें होता म्हणून हा लेख आम्ही स्वस्थ चित्तानें लिहूं शकतों.

दुसऱ्या दिवशीं तो तुकडा घेऊन आम्ही गांवांतील लोहारमामांकडे गेलों. त्यांनीं तो उलटसुलट करून पाहिला व हंसून म्हटलें, “गुरुजी, पत्र्याला कडी लावणं म्हंजी सदऱ्याच्या खिशाला बैल बांधणं. बैल जागचा हलला की खिसा गेलाच समजा.” पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आम्हांस ही गोष्ट इतक्या थोडक्यांत कोठें आढळली नव्हती.

ट्रॉलीला हाडें असतात व कातडें असतें. हौद्याखालीं लांबीच्या दिशेनें दोन भक्कम चॅनेल असतात. त्यांवर ठराविक अंतरानें आडवे अँगल जोडलेले असतात. हीं तिचीं हाडें. त्यांवर अंथरलेला पत्रा व बाजूंचे फाळके हें तिचें कातडें. पत्र्याचें काम माल खालीं पडूं न देण्याचें, म्हणजे वरून येणारा भार पसरून हाडांपर्यंत पोंचविण्याचें आहे. आणि तें काम तो उत्तम करतो. परंतु त्याच पत्र्याच्या एका बिंदूस धरून त्याला वर ओढलें तर तो प्रथम फुगतो, मग वेल्डिंगच्या कडेनें चिरतो, आणि शेवटीं कागदासारखा फाटतो. म्हणून कडी पत्र्यास न लावतां पत्र्याखालील हाडास लावावी, हें ह्या विद्येचें पहिलें सूत्र होय. आणि ज्याला एवढेंच आठवेल त्यानें बाकीचा लेख वाचला नाहीं तरी आमची तक्रार नाहीं.

आपल्या जुन्या गाडीवाल्यांस हें सूत्र चांगलें अवगत होतें. कडब्याची बैलगाडी भरतांना पेंढ्यांची रास साट्याच्या कितीही बाहेर आली तरी नाडा बांबूच्या तट्ट्यास कोणी बांधीत नसे. तो गाडीच्या दोन लांब लांकडांस खालून घेऊन बांधीत. मग त्या नाड्यांत काठी घालून पीळ देत, आणि तो कडब्यांत रुते इतका ताठ करीत. ओझें मागें अधिक झालें तर गाडी उलाळ होते व जूं बैलांच्या मानेवरून उचलूं पाहतें, हेंही त्यांस ठाऊक असे. म्हणून भरणी आंखाच्या थोडी पुढें झुकती ठेवीत. बैलाच्या चालीनें चालणाऱ्या गाडीस एवढी व्यवस्था पुरेशी होती. ट्रॅक्टर आला, वेग वाढला, ओझें कित्येक पटींनीं वाढलें, आणि बांधण्याची जागा मात्र लांकडावरून पत्र्यावर आली. ही उलटी प्रगति कशी झाली कोण जाणे. बहुधा पत्र्यावर कडी चिकटविणें दहा मिनिटांचें काम आहे, हेंच तिचें कारण असावें.

आतां ओढ किती बसते तें पाहूं. चालती वस्तु आपण होऊन थांबत नाहीं, हा न्यूटनचा नियम विद्यार्थ्यांनीं पाठ केलेलाच आहे. ब्रेक चाकांना थांबवितो; ट्रॉलीवरील बांकांना थांबण्याची आज्ञा देणारें दुसरें कोणीतरी असावें लागतें. तें काम प्रथम बांकांचे पाय व पत्रा यांमधील घर्षण करतें, आणि घर्षण अपुरें पडलें कीं दोर व कड्या करतात. युरोपांत व अमेरिकेंत मालमोटारींसाठीं असा दंडक घातलेला आहे कीं, ओझ्याच्या वजनाच्या आठ दशांश इतका जोर पुढील दिशेस, आणि निम्म्याइतका जोर बाजूंस व मागें, बांधणीनें सोसला पाहिजे. आपली ट्रॉली त्या मोटारींइतकी धांवत नाहीं, हें खरें. परंतु खड्डा वेग विचारून येत नाहीं, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात.

हाच दंडक आमच्या बांकांस लावूं. ओझें १००० किलो. पुढें जाऊं पाहणारा जोर ८०० किलोचा. लोखंडावर लोखंड घांसतांना घर्षणाचा गुणक सुमारें ०.३ धरला तर घर्षण ३०० किलो सांभाळील. राहिले ५००. हे ५०० दोन रीतींनीं अडवितां येतात, आणि दोहोंतील फरक विद्यार्थ्यांनीं नीट लक्षांत घ्यावा. पहिली रीत दाबण्याची: दोर ओझ्यावरून घेऊन दोन्ही बाजूंस खालीं आवळावा, म्हणजे ओझें पत्र्यावर अधिक दाबलें जाऊन घर्षण वाढतें. परंतु गुणक ०.३ असल्यामुळें ५०० किलो घर्षण मिळविण्यास ५०० भागिले ०.३, म्हणजे जवळजवळ १६७० किलोंचा दाब द्यावा लागतो. दुसरी रीत अडविण्याची: बांकें पुढील फाळक्यास घट्ट टेकवून भरावीं, किंवा दोर ओझ्याच्या पुढल्या अंगावरून घेऊन मागील कड्यांस बांधावा. येथें ५०० ला ५००च पुरतात, दोर तिरपा असल्यास थोडे अधिक. म्हणजे दाबण्याच्या रीतीस तिपटीहून अधिक शक्ति लागते; तरी आपण सर्वजण दाबीतच आलों आहों, कारण वरून दोर टाकणें सोपें! आमचीं बांकें पुढील फाळक्यापासून हातभर मागें भरलेलीं होतीं. तेवढी हातभर जागा सोडली नसती तरी पुष्कळ निभावलें असतें.

दाबावयाचेंच असेल तर कोन महत्त्वाचा. दोर कडीपासून सरळ उभा वर गेला तर त्याची सगळी ओढ खालीं दाबण्याच्या कामीं येते. तोच दोर पत्र्याशीं ३० अंशांचा कोन करून निजला तर निम्मीच ओढ दाबते, बाकीची नुसती दोराला ताणते. सध्यां बाजारांत खटक्याचे पट्टे मिळतात. त्यांची मूठ ५० किलोच्या जोरानें ओढली असतां साधारणपणें पट्ट्यांत ३०० किलोंच्या आसपास ओढ उत्पन्न होते. असा पट्टा उभा असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून ६०० किलो दाब पडतो, व आमच्या १६७० किलोंस तीन पट्टे लागतात. ३० अंशांवर निजवला तर सहा. ओझ्याच्या कोपऱ्यांवर वळतांना कांहीं ओढ खर्च होते, म्हणून प्रत्यक्षांत याहूनही अधिक. यावरून कडी कोठें असावी तें आपोआप ठरतें: पत्र्याच्या पातळीवर, बाजूच्या अगदीं कडेस, परंतु हौद्याच्या आंत, बाहेर लोंबणारी कडी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धोतरांस व सायकलींस अडकते.

आमच्या ट्रॉलीस आम्हीं समोरासमोरच्या चार जोड्या, म्हणजे आठ कड्या बसविल्या. पहिली जोडी पुढील फाळक्यापासून फूटभर अंतरावर घेतली व बाकीच्या, जेथें खालीं आडवा अँगल सांपडला तेथेंच बसविल्या. त्यामुळें मधलीं अंतरें दोन ते तीन फूट अशीं असमान राहिलीं आहेत. चित्रकलेच्या शिक्षकांस तें पाहवत नाहीं, पण त्याला इलाज नाहीं. उचलून माल ओतणारी ट्रॉली असल्यास आणखी एक सावधगिरी पाहिजे: सर्व कड्या उचलल्या जाणाऱ्या हौद्याच्याच हाडांस असाव्यात. दोराचें एक टोंक हौद्यास व दुसरें खालच्या सांगाड्यास बांधलें, आणि कोणीं विसरून हौदा उचलला, तर दोर, कडी किंवा सांगाडा यांपैकीं कांहींतरी जाणारच.

कडी कशी असावी? ती बंद असावी. आंकडा, म्हणजे एका बाजूनें उघडी कडी, ओढ बसली कीं हळूहळू सरळ होऊं लागते. बंद कडी तेवढ्याच जाडीच्या लोखंडाची असून कितीतरी अधिक ओढ सोसते, कारण तिचीं दोन्ही अंगें भार वांटून घेतात. आपल्याकडे घरबांधणींतून उरलेली सळई वांकवून तिचाच आंकडा करण्याची चाल आहे. ही सळई ओढ घेण्यास मजबूत असते खरी, परंतु तिची ही मजबुती कारखान्यांत विशिष्ट रीतीनें तापवून व थंड करून आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेनें ती सांध्याजवळच मोडते. तेव्हां जिला भार घ्यावयाचा आहे त्या कडीस आंच लावूंच नये; कडीवरून जाड पट्टीची कमान घ्यावी, व वेल्डिंग त्या कमानीच्या पायांस करावें. कडी कमानींत मोकळी फिरती राहते, ओढ येईल त्या दिशेस तोंड करते, आणि रिकामी असतां खालीं निजते. पोत्यांस फाडीत नाहीं.

वेल्डिंग करावें कीं बोल्ट मारावे, यावर लोहारमामांचा व आमचा बराच वाद झाला. वेल्डिंग चांगल्या हातचें असेल तर उत्तम. पण तें आंतून कच्चें राहिलें आहे कीं पक्कें झालें आहे, हें वरून रंग दिल्यावर ब्रह्मदेवासही कळत नाहीं. बोल्ट निदान पाहतां येतो, आवळतां येतो, बदलतां येतो. शेवटीं चार कड्या त्यांच्या मतानें व चार आमच्या मतानें बसविल्या गेल्या. बोल्टाच्या कडीखालीं, पत्र्याच्या उलट्या बाजूस, सहा मिलिमीटर जाडीची तळहाताहून मोठी पट्टी घातली व ती आडव्या अँगलपर्यंत नेऊन त्यासही जोडली, म्हणजे ओढ एका भोकापाशीं न राहतां हाडांत जाते. लांब चॅनेलला भोंक पाडण्याची वेळ आली तर तें त्याच्या उभ्या मधल्या भागांत पाडावें, वरच्या वा खालच्या पट्टींत नव्हे. चॅनेल वांकूं लागतें तेव्हां सर्वांत अधिक ताण त्या पट्ट्यांवरच असतो.

बोल्टाविषयीं एक गोष्ट पालकांनीं अवश्य पाहावी. दुकानांत १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट शेजारीं ठेवले तर ते जुळे भाऊ दिसतात. परंतु एकाच्या डोक्यावर ४.६ असा आंकडा असतो व दुसऱ्याच्या डोक्यावर ८.८. पहिला सुमारें दोन टनांच्या ओढीस कायमचा लांबूं लागतो. दुसरा साडेपांच टनांच्या आसपास. डोक्यावर कांहींच लिहिलेलें नसेल तर तो पहिल्याहून चांगला आहे असें समजण्यास कांहीं आधार नाहीं. आणि बोल्ट किती ओढीस तुटेल तेवढा भार त्यावर टाकावयाचा नसतो. तुटण्याच्या ओढीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिकाचा भरंवसा धरूं नये. कल्पना यावी म्हणून सांगतों कीं, युरोपीय मानकाप्रमाणें बारा टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारीच्या प्रत्येक कडीनें सुमारें दोन टन ओढ सोसावी लागते.

वेल्डिंगची तयारी हा आमच्या जिल्ह्यांत विशेष काळजीचा भाग आहे. कापूस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या प्रत्येक फटींत कपाशीचे तंतू अडकलेले असतात. एक ठिणगी उडाली कीं तो तंतू जळत नाहीं तर धुमसतो. कारागीर काम आटोपून घरीं जातो, आणि आग तासाभरानें उठते. म्हणून प्रथम ट्रॉली झाडून, धुवून, फटींतील कापूस तारेनें काढून टाकावा. पाण्याची बादली व ओलें गोणपाट जवळ ठेवावें. आणि काम झाल्यावर तासभर तेथून हलूं नये. सांध्यावरील रंग व गंज घांसून काढावा, नाहींतर सांधा पोकळ राहतो. जस्ताचा मुलामा असलेल्या कडीवर वेल्डिंग करूं नये. जस्ताच्या धुरानें कारागिरास थंडीतापासारखा ताप भरतो.

कड्या झाल्या, आतां दोराकडे वळूं, कारण साखळींतील सर्वांत कच्चा दुवाच साखळीची ताकद ठरवितो. गांठीनें दोराची ताकद बरीच घटते, कांहीं गांठींनीं तर निम्म्यावर येते. धारदार कोपऱ्यावरून गेलेला दोर त्याहूनही वाईट, म्हणून कोपऱ्याखालीं गोणपाटाची घडी घालावी. तागाचा वा अंबाडीचा दोर भिजला कीं आंखडतो व वाळला कीं ढिला पडतो. पावसांत घट्ट वाटलेली बांधणी उन्हांत विश्वासघात करते. मात्र दोराचा एक गुण फारच मनोरंजक आहे. खुंट्याभोंवतीं त्याचा वेढा घेतला कीं घर्षण गुणाकारानें वाढतें. अठराव्या शतकांतील स्विस गणिती ऑयलर याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणें, गुणक ०.३ असतां एका पूर्ण वेढ्यानें पलीकडची ओढ सुमारें साडेसहा पट सांवरतां येते, व दोन वेढ्यांनीं सुमारें त्रेचाळीस पट! बुजलेल्या गोऱ्ह्याचा दोर खांबाला दोन वेढे देऊन दहा वर्षांचें पोर धरून ठेवतें, तें याच जोरावर. कडीस दोर बांधतांना नुसती गांठ न मारतां आधीं दोन वेढे घ्यावे. बहुतेक भार वेढे घेतात, व गांठीस केवळ पहारा करावा लागतो.

कापसाची गोष्ट याहून निराळी आहे. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली रुईची गांठ १७० किलोंची, कठीण व चौकोनी असते. तिला बांकांचे सर्व नियम लागू पडतात. सुटा कापूस मात्र श्वास सोडल्यासारखा बसत जातो. घरून निघतांना ताठ असलेला दोर चार कोसांवर लोंबूं लागतो, आणि दोष कोणाचाच नसतो. यास्तव पहिल्या दोनतीन किलोमीटरांवर थांबून दोर पुन्हां आवळावा, व पुढेंही प्रत्येक थांब्यावर हात लावून पाहावें. कापसाची रास हौद्याच्या दोन्ही बाजूंस बाहेर फुगलेली असतां तिच्यावर बसलेल्या माणसास तर कोणतीच कडी धरीत नाहीं. ट्रॉली वळतांना रासेचा माथा बाहेरच्या बाजूस झुकतो, आणि माणूस माथ्यावरच असतो. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें हौद्याच्या बाजूंबाहेर माल काढल्यास वीस हजार रुपये दंड व माल उतरविण्याचा खर्च अशी तरतूद केलेली आहे. तिच्याकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहतों, हें मानवतच्या रस्त्यानें जाणारास सांगावयास नको. ज्या पालकांच्या ट्रॉल्या आहेत त्यांस आमची एकच विनंती आहे कीं, वेचणीच्या दिवसांत मुलांस शाळेपर्यंत सोडावयाचें झाल्यास त्यांना कापसावर बसवूं नये. चालत येण्यास उशीर झाला तर आम्ही हजेरी लावूं.

बसविलेल्या कड्यांची परीक्षा लोहारमामांनीं साखळी-कप्पीनें समोरासमोरच्या दोन दोन कड्या एकमेकींकडे ओढून घेतली. बोल्टाच्या चारही टिकल्या. वेल्डिंगच्या चारांपैकीं एकीच्या कमानीशीं केसासारखी चीर दिसली. ती मामांनीं न बोलतां छिनीनें काढून नव्यानें लावली. त्यानंतर तीच ट्रॉली क्रीडांगणासाठीं लोखंडी खांब घेऊन परभणीहून आली. खांब पुढील फाळक्यास टेकविलेले, चार पट्टे उभे, वाटेंत दोनदां थांबून आवळलेले. पत्र्याच्या तुकड्यासह निघालेला तो जुना आंकडा विज्ञानशाळेच्या कपाटांत वरून दुसऱ्या फळीवर ठेवला आहे. पत्रा कोठून चिरूं लागला तें त्यावर स्पष्ट दिसतें. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मधल्या सुट्टींत यावें.